चौथ्या पायावरचे १.२३ व्होल्ट

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता गोदावरीला मिळते त्या परिसरात सिरोंचा वसलं आहे. जिल्ह्याचं मुख्यालय इथून सुमारे २०० किलोमीटर दूर. एखादा सुटा भाग हवा असेल तर माणूस तिकडे जाण्याऐवजी पूल ओलांडून तेलंगणात मंचेरियाल किंवा वारंगल गाठतो. तालुक्याच्या आतल्या गावांत वीज असते, पण वादळात झाड तारेवर पडलं किंवा नाल्याला पूर आला की ती कधी परतेल याचा नेम नसतो. म्हणून या भागात सौर पॅनेल आणि बॅटरी ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. २०१७ साली जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेत वीज न पोहोचलेल्या दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा सौर संच ठरवला होता. त्यात पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि एक डीसी प्लग. अशा योजनांपलीकडे दुकानदार, शाळा, मिरचीच्या शेतावर मुक्कामाला राहणारे शेतकरी आपापल्या सोयीने पॅनेल आणि बॅटरी जोडून घेतात.

अडचण अशी, की बॅटरीचं व्होल्टेज आणि यंत्राचं व्होल्टेज क्वचितच जुळतं. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की २४ व्होल्टचा संच होतो, पण भर दुपारी चार्ज होताना तो २८ पर्यंत चढतो आणि रात्रभर वापरल्यावर पहाटे २४ च्याही खाली उतरलेला असतो. राउटरला हवेत १२, मोबाइलला ५. बॅटरी आणि यंत्र यांच्या मध्ये जी छोटी पाटी बसते तिच्याबद्दल हे प्रकरण आहे; आणि त्यातही त्या पाटीवरच्या आयसीच्या एकाच पायाबद्दल.

पाटी साधारण ४३ मिलिमीटर लांब आणि २१ मिलिमीटर रुंद असते. दुकानदार तिला नुसतं ‘डीसी मॉड्यूल’ म्हणतो. एका टोकाला इन, दुसऱ्या टोकाला आउट. दोन गोल कपॅसिटर, एक काळी कॉइल, एक डायोड, पाच पायांची चपटी आयसी आणि निळा चौकोनी प्रीसेट, म्हणजे कमीजास्त करता येणारा रेझिस्टर, ज्याच्या डोक्यावर पितळी स्क्रू दिसतो. आयसीवर बहुधा ‘एलएम२५९६’ छापलेलं असतं. ही रचना मुळात नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकी कंपनीची. २०११ साली ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. स्वस्त पाटीवरची आयसी मूळ कंपनीचीच असेल असं मुळीच नाही, पण पायांचा क्रम तोच असतो. पहिला पाय इनपुट, दुसरा आउटपुट, तिसरा ग्राउंड, चौथा फीडबॅक, पाचवा चालू-बंद.

जुन्या ७८१२ सारखा रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. २७ व्होल्टवरून १२ वर यायचं आणि लोड १ अँपिअरचा असेल तर १५ वॅट नुसते तापण्यात जातात. पॅनेलमधून मोजूनमापून मिळालेल्या विजेची ही नासाडी परवडणारी नाही. एलएम२५९६ तसं करत नाही. ती इनपुट सेकंदाला सुमारे १,५०,००० वेळा चालू-बंद करते आणि कॉइल व कपॅसिटर मिळून त्या धक्क्यांची सरासरी काढतात. २४ व्होल्ट निम्मा वेळ चालू ठेवले की साधारण १२ मिळतात. वेळ वाढवला की आउटपुट चढतं, कमी केला की उतरतं. बॅटरी दुपारी २८ वर गेली की हा वेळ कमी करावा लागतो, पहाटे वाढवावा लागतो, आणि हे सतत, माणसाने हात न लावता व्हावं लागतं.

आयसीला हे कळतं कसं? इथे बऱ्याच जणांची, चांगल्या कारागिरांचीसुद्धा, एक समजूत असते की आयसी आउटपुटकडे बघून ते १२ वर धरते. आयसीला १२ हा आकडा ठाऊकच नसतो. तिला एकच आकडा ठाऊक असतो, १.२३. चौथ्या पायावर १.२३ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर ती चालू राहण्याचा वेळ वाढवते, जास्त दिसले तर कमी करते. बाहेर ५ हवेत की १२ हे ठरवण्याचं काम दोन रेझिस्टरचं. वरचा रेझिस्टर आउटपुटपासून चौथ्या पायापर्यंत, खालचा चौथ्या पायापासून ग्राउंडपर्यंत. दोघांच्या मधल्या सांध्यावर आउटपुटचा एक ठरावीक हिस्सा मिळतो आणि तोच आयसीला दाखवला जातो. हिशेब सोपा आहे. वरच्या रेझिस्टरला खालच्याने भागा, त्यात १ मिळवा आणि १.२३ ने गुणा, की आउटपुट आलं. नेहमीच्या पाटीवर खालचा रेझिस्टर ३३० ओहमचा आणि वरच्या जागी १० किलोओहमचा प्रीसेट असतो. प्रीसेट फिरवून २.८९ किलोओहमवर आणला की बाहेर १२ व्होल्ट मिळतात.

सिरोंच्याच्या वाचकाला हे नदीवरून चटकन कळेल. गोदावरीवर मेडीगड्ड्याचा बराज आहे, ८५ दरवाज्यांचा. समजा, दरवाजे हलवणाऱ्या माणसाला नदी दिसतच नाही. वरच्या बाजूच्या पट्टीवरचा आकडा तेवढा त्याला फोनवर कळतो. आकडा चढला की तो दरवाजे उघडतो, उतरला की लावतो. आता पट्टी चिखलात रुतून वाकली, किंवा फोनची तार तुटून पलीकडून ‘शून्य’ ऐकू येत राहिलं, तर हा माणूस दरवाजे लावूनच बसेल. त्याच्या कामात काही खोट नसेल. काठ मात्र बुडालेले असतील. चौथ्या पायाच्या जवळपास सगळ्या बिघाडांची जात हीच आहे. आयसी प्रामाणिकपणे काम करत असते, तिच्यापर्यंत येणारी खबर खोटी असते.

१.२३ हा आकडा कुठून आला, हेही सांगण्यासारखं आहे. सिरोंच्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या डब्यातलं तापमान आणि डिसेंबरच्या पहाटेचं तापमान यांत मोठा फरक असतो. तरीही आयसीच्या आतली मोजपट्टी हलून चालत नाही. सिलिकॉनच्या एका जोडावरचं व्होल्टेज तापमान वाढलं की अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. दोन जोडांतून वेगवेगळ्या घनतेचा प्रवाह सोडला तर त्यांच्या व्होल्टेजमधला फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. घटणाऱ्यात हा वाढणारा भाग योग्य प्रमाणात मिळवला की बेरीज स्थिर राहते, आणि ती नेमकी १.२ व्होल्टच्या आसपास येते. कारण निरपेक्ष शून्य तापमानाकडे जाताना सिलिकॉनच्या ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर, म्हणजे बँडगॅप, जिथे पोहोचतं तो हाच आकडा. बॉब विडलर या अमेरिकी अभियंत्याने व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये ही युक्ती आणली आणि १९७१ साली ती छापून मांडली. कुणा कारखानदाराने सोयीसाठी ठरवलेला हा आकडा नाही, तो सिलिकॉनच्या स्वभावातून आलेला आहे. मला या सगळ्या पाटीत सर्वांत सुंदर काही वाटत असेल तर ते हे.

आउटपुटचा हिस्सा उलट मागे आणून चूक दुरुस्त करायची ही कल्पना त्याहून जुनी आहे. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजचे अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना ती २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदी ओलांडताना फेरीबोटीवर सुचली. हाताशी कागद नव्हता म्हणून त्यांनी ती त्या दिवशीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर उतरवली. लांब पल्ल्याच्या टेलिफोनमध्ये आवाज बिघडू नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आता बिघाडांकडे येऊ. नदीकाठच्या एका गावातल्या शाळेचा राउटर सिरोंच्याच्या बाजारात दुरुस्तीला आला होता. तक्रार एवढीच, की चालू होत नाही. राउटर उघडला तर आतल्या १६ व्होल्टच्या कपॅसिटरचं डोकं फुगून फाटलेलं, बुडाशी तपकिरी चिकट ओघळ. १६ व्होल्टचा कपॅसिटर १२ व्होल्टवर असा फुटत नाही. दुकानदाराने सोबत आलेलं मॉड्यूल बॅटरीवर लावलं. त्यावरचा लाल दिवा लागला, म्हणजे वरकरणी सगळं ठीक. मीटर लावल्यावर आउटपुट दिसलं २५.९ व्होल्ट. बॅटरी होती २७ वर. म्हणजे पाटी व्होल्टेज उतरवतच नव्हती, आलेली वीज जवळजवळ तशीच पुढे ढकलत होती.

‘आयसी गेली’ म्हणून पाटी फेकून देण्याची हीच वेळ असते. या दुकानदाराने मीटरची लाल पिन ३३० ओहमच्या रेझिस्टरच्या वरच्या टोकावर ठेवली, जे टोक चौथ्या पायाला जोडलेलं असतं. आकडा आला ०.८३. इथे थांबून विचार केला तर हा आकडा सगळं सांगतो. आयसीला १.२३ हवे आहेत, दिसताहेत ०.८३, म्हणून ती सगळी ताकद लावून आउटपुट वर ढकलते आहे. तिची चूक नाही. आणि २५.९ चे ०.८३ व्हायला वरच्या बाजूला किती रेझिस्टन्स हवा? हिशेब केला की सुमारे १० किलोओहम येतो. म्हणजे प्रीसेट २.८९ वर नव्हता, पूर्ण १० किलोओहमवर होता. स्क्रू तर कुणी फिरवला नव्हता. दुकानदाराने मीटर परत आउटपुटवर लावलं, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने निळ्या डबीवर हलकेच टकटक केली आणि मीटरवरचा आकडा १२.१ वर आला. पुन्हा एक टकटक, पुन्हा २५.९.

प्रीसेटच्या पोटात रेझिस्टन्सची एक पट्टी असते आणि तिच्यावरून सरकणारी धातूची बारीक जीभ. स्क्रू फिरवला की जीभ सरकते. उन्हाने प्रसरण पावून, रात्री आकसून, ट्रॅक्टर-ट्रॉलीतून हादरे खाऊन, पावसाळ्यात गंज धरून ती जीभ पट्टीवरून उचलली जाते. या पाटीवर जिभेचा पाय पट्टीच्या एका टोकाला जोडलेला होता, म्हणून जीभ उचलली गेल्यावर निदान पूर्ण १० किलोओहम तरी उरले. काही पाट्यांवर तो तसा जोडलेला नसतो. तिथे जीभ उचलली गेली की वरची वाटच तुटते आणि खालचा रेझिस्टर चौथ्या पायाला ग्राउंडवर ओढून शून्य दाखवतो. परिणाम दोन्हीकडे सारखाच, आउटपुट इनपुटच्या जवळ. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की यात मॉड्यूलला काहीच होत नाही. त्याचे स्वतःचे कपॅसिटर आउटपुटला बहुधा ३५ आणि इनपुटला ५० व्होल्टचे असतात. मरतं ते पुढचं यंत्र, आणि लाल दिवा लागतोच आहे म्हणून संशय मॉड्यूलवर जात नाही. नवा राउटर आणून त्याच पाटीला जोडला की तोही जातो.

म्हणून आउटपुट चुकीचं दिसलं की पहिलं मोजमाप चौथ्या पायाचं. तिथे १.२३ असतील आणि तरी आउटपुट चुकलं असेल, तर आयसी निर्दोष आहे. दोन रेझिस्टरपैकी कुणाचा तरी आकडा बदललाय किंवा त्यांच्यावर चिखल-ओल बसून चोरवाट तयार झाली आहे. तिथे १.२३ पेक्षा कमी असतील आणि आउटपुट चढलेलं असेल, तर खबर देणारी वाट तुटली आहे. तिथेही कमी आणि आउटपुटही कमी असेल, तर आयसी धडपडते आहे पण देता येत नाही. इनपुटच अपुरं आहे, लोड जास्त आहे किंवा आयसी खरोखर गेली आहे. मीटरची पिन मात्र थेट पायावर टेकवू नये. पाय एकमेकांपासून जेमतेम १.७ मिलिमीटरवर असतात. चौथ्याच्या एका बाजूला तिसरा, ग्राउंड. दुसऱ्या बाजूला पाचवा, जो बहुतेक पाट्यांवर ग्राउंडलाच जोडून टाकलेला असतो. म्हणजे पिन कुठेही घसरली तरी चौथा पाय ग्राउंडला टेकतो आणि त्या क्षणी आउटपुट वर उसळतं. मोजमाप करताना पुढचं यंत्र जोडलेलं असेल तर तपासणीनेच ते मरेल. आयसी बदलताना पडलेला सोल्डरचा एक केसाएवढा तंतूही नेमकं हेच करतो. त्यामुळे पाटी दुरुस्त झाल्यावर चौथ्या पायाच्या दोन्ही बाजू भिंगाखाली बघणं ही चिकित्सा नाही, गरज आहे.

चौथ्या पायाचंच सोल्डर ड्राय झालं तर काय होईल हे मात्र सांगता येत नाही. पाय अधांतरी राहतो, कॉइलजवळची सगळी धडधड त्याच्यावर उमटते, आउटपुट कधी वर, कधी खाली. बोट लावलं तरी आकडा बदलतो. असा चंचलपणा दिसला की आधी सोल्डर पुन्हा तापवून बघावं.

काही वेळा बिघाड नसतोच. नवं मॉड्यूल आणलं, १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं, ५ व्होल्ट करायला स्क्रू फिरवतोय फिरवतोय, आउटपुट ११ वरून ढिम्म हलत नाही. ‘पीस खराब आहे’ म्हणून तो परत केला जातो. प्रीसेट मधोमध असेल तर वर ५ किलोओहम असतात, म्हणजे पाटीला सुमारे २० व्होल्ट द्यायचे आहेत. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ती २० कुठून देणार? आहे तेवढं सगळं, साधारण ११, ती देत राहते. हा प्रीसेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला २५ फेरे घेतो, म्हणजे एका फेऱ्याला ४०० ओहम. ५ किलोओहमवरून २.६ वर यायला ६ फेरे लागतात आणि तोवर मीटर जागचं हलत नाही. अशा वेळी चौथ्या पायावर सुमारे ०.६८ व्होल्ट दिसतात, आणि स्क्रू फिरवताना आउटपुट तेच राहिलं तरी हा आकडा हळूहळू १.२३ कडे चढत जातो. तो चढतोय म्हणजे प्रीसेट शाबूत आहे, फिरवत राहा.

याच्या उलट, एक खरा आणि घातक घोळ आयसी बदलताना होतो. एलएम२५९६ दोन तऱ्हेची मिळते. नावामागे ‘एडीजे’ असेल तर दोन रेझिस्टर बाहेर लावायचे. मागे ‘५.०’ किंवा ‘१२’ असेल तर ते रेझिस्टर आयसीच्या आतच असतात आणि चौथा पाय थेट आउटपुटला जोडायचा असतो. बाहेरून दोन्ही हुबेहूब. ‘५.०’ वाली आयसी ‘एडीजे’च्या पाटीवर बसवली तर ती चौथ्या पायावर १.२३ नव्हे, ५ मागते. बाहेरचे रेझिस्टर ५ व्होल्टच्या आउटपुटसाठी, म्हणजे ३३० ओहम आणि १ किलोओहम असतील, तर आउटपुट २० च्याही वर जाऊ पाहतं. उलट केलं, ‘एडीजे’ आयसी ठरावीक व्होल्टेजच्या पाटीवर बसवली, तर बाहेर १.२३ मिळतात आणि काहीच चालत नाही. पण काही जळतही नाही. खोडलेल्या अक्षरांची आयसी गोणीतून उचलून लावण्याआधी शेवटची अक्षरं वाचावीत ती यासाठी.

लांब तारांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिला प्रकार हौशी डब्यांत दिसतो. पाटीवरचा प्रीसेट काढून डब्याच्या दर्शनी बाजूला बटणाचा पोटेन्शिओमीटर लावतात आणि तिथून वीतभर तारा चौथ्या पायापर्यंत आणतात. त्या तारा कॉइलच्या शेजारून जातात आणि सेकंदाला दीड लाख वेळा बदलणारं चुंबकीय क्षेत्र झेलतात. आयसीला त्यात खरी खबर वेगळी काढता येत नाही. कॉइल शिट्टी मारू लागते, आउटपुट थरथरतं, ॲम्प्लिफायरमध्ये घरघर येते. दोन्ही रेझिस्टर आयसीला चिकटूनच असावेत आणि लांब जायचंच असेल तर ती तार आउटपुटची असावी, चौथ्या पायाची नव्हे.

दुसऱ्या प्रकारात पाटी बरोबर असते आणि टोकाचा दिवा मंद असतो. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने २० मीटरवर वीज नेली तर जाऊन-येऊन ४० मीटर तार होते, तिचा रेझिस्टन्स जवळजवळ १ ओहम. १ अँपिअरला तारेतच १ व्होल्ट खर्च. १२ चे ११ झाले तर दिवा चालतो. ५ चे ४ झाले तर मोबाइल चार्ज होत नाही. आयसी सांभाळते ते वरचा रेझिस्टर जिथे टेकलाय तिथलं व्होल्टेज, पुढचं नाही. मग कुणी हुशारीने वरचा रेझिस्टर थेट दिव्याच्या टोकाला जोडतो. फरक भरून निघतो, पण आता खबरीची तार २० मीटर लांब झाली आणि उंदराने ती कुरतडली की आउटपुट सुसाट. असं करायचंच असेल तर पाटीच्या आउटपुटपासून त्या तारेला एक १०० ओहमचा रेझिस्टर जोडून ठेवावा, म्हणजे लांबची तार तुटली तरी खबर जवळून येत राहते. सरळ उपाय मात्र जाड तार, किंवा १२ व्होल्ट लांब नेऊन ५ तिथेच करणं.

पाण्याचा विषय इथे टाळता येत नाही. जुलै २०२२ मध्ये गोदावरीच्या पुराचं पाणी सिरोंचा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत शिरलं होतं. पुरातून काढलेल्या पाटीवर गाळाचा बारीक थर वाळून बसतो आणि तो कोरडा दिसला तरी थोडी वीज वाहू देतो. ३३० ओहम आणि २.८९ किलोओहमच्या जोडीला याचा फारसा त्रास नाही. वरच्या रेझिस्टरशेजारी १०० किलोओहमची चोरवाट झाली तरी १२ चे ११.७ होतात. पण बॅटरीच्या एका सेलवरून ५ व्होल्ट चढवून देणारी छोटी पाटी, एमटी३६०८ ची, घ्या. तिचा आकडा ०.६ व्होल्टचा आणि ५ व्होल्टसाठी वरचा रेझिस्टर १६ किलोओहमच्या आसपास. तीच चोरवाट तिथे ५ चे ४.४ करते. जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि उन्हात दोन दिवस, एवढ्याने पाटी बहुधा परत येते. पाण्यात बुडालेला प्रीसेट मात्र काढून टाकावा, त्याच्या पोटातला गाळ निघत नाही.

आणि व्होल्टेज चढवणाऱ्या पाटीत खबर तुटणं अधिक वाईट. उतरवणाऱ्या पाटीला इनपुटचं छत असतं, २७ दिले तर २७ च्या वर ती जाऊ शकत नाही. चढवणारीला छत नाही. कॉइलमधली ऊर्जा ती आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये ओततच राहते, थेट आतला स्विच फुटेपर्यंत. ३.७ व्होल्टच्या सेलवर चालणाऱ्या टॉर्चमधून ३० व्होल्ट निघू शकतात, हे ज्याने पाहिलं नसेल त्याला खरं वाटत नाही.

या सगळ्यातून एक ठाम मत माझं झालं आहे. एकदाच १२ वर लावून कायम तिथेच ठेवायचं असेल, तर प्रीसेट पाटीवर असूच नये. ३३० ओहमवर २.७ किलोओहम आणि १८० ओहम सिरीजमध्ये लावले की ११.९६ व्होल्ट मिळतात. राउटरला याहून अचूक काही लागत नाही. ५ साठी ३३० वर १ किलोओहम, ४.९६ व्होल्ट. तीन रेझिस्टरचा खर्च किरकोळ आणि न सरकणारा भाग टकटक करून हलत नाही.

थोडं कमीजास्त करण्याची मुभा हवीच असेल तर प्रीसेट वरच्या बाजूला नाही, खालच्या बाजूला न्यावा. वर पक्का १० किलोओहम. खाली १ किलोओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये ५०० ओहमचा प्रीसेट, जिभेचा पाय टोकाला जोडलेला. आता स्क्रू कितीही फिरवला तरी आउटपुट ९.४ ते १३.५ याच हद्दीत राहतं; शाळेतल्या एखाद्या जिज्ञासू मुलाने पेचकस फिरवला तरी राउटर शाबूत. आणि जीभ उचलली गेली तर खालचा रेझिस्टन्स वाढतो, आयसीला वाटतं आउटपुट चढलंय, आणि ती ते ९.४ वर उतरवते. खालची वाट पूर्ण तुटली तर आउटपुट १.२३ वर येऊन थांबतं. बिघाड तोच, पण यंत्र बंद पडतं, जळत नाही. जिथून दुरुस्तीचं दुकान गाठायला दिवस मोडतो तिथे बंद पडलेलं यंत्र आणि जळलेलं यंत्र यांत फार मोठं अंतर आहे. हे कारखान्यानेच करायला हवं, त्यासाठी फारसा खर्च लागत नाही.

वरचा १० किलोओहम मात्र अजूनही तुटू शकतो, त्याला या युक्तीने संरक्षण नाही. त्यासाठी आउटपुटवर १५ व्होल्टचा टीव्हीएस डायोड आणि इनपुटला १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज. व्होल्टेज चढलं की डायोड ते धरून ठेवू पाहतो, बहुधा स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. डायोड आणि फ्यूज बदलावे लागतात, राउटर वाचतो.

बदल केलेली पाटी लगेच यंत्राला जोडू नये. टीव्हीएस डायोड लावण्याआधी आउटपुटला ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्टचा, २१ वॅटचा बल्ब लावावा. १२ व्होल्टवर तो लालसर, मंद जळतो. पाटी सुटली तर पांढरा भगभगीत होतो, मीटरकडे बघायचीही गरज पडत नाही. मग बॅटरी काढून प्रीसेटचा पाय सोडवावा आणि बॅटरी परत जोडावी. बल्ब मंदावला किंवा विझला तर काम बरोबर झालं. उजळला तर प्रीसेट अजून वरच्याच बाजूला आहे; पाटी उलटी करून चौथ्या पायापासून निघणारी रेघ बोटाने पुन्हा एकदा तपासावी.